क्यु-शिराताकी : एका विद्यार्थिनीमुळे जगभर गाजलेलं स्टेशन

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, एन्गारू नगराच्या हद्दीत क्यु-शिराताकी हे छोटंसं रेल्वे स्टेशन होतं. एकाच शाळकरी मुलीसाठी रेल्वेने ते चालू ठेवलं, ही बातमी जानेवारी २०१६ मध्ये जगभर फिरली. मोबाईलवर अनेकांनी ती वाचलीही असेल. पण त्यातलं सगळंच खरं नव्हतं.

स्टेशन कसं होतं?
शिन-असाहिकावा ते अबाशिरी या सुमारे २३४ किलोमीटरच्या सेकिहोकु मार्गावर हे स्टेशन होतं. 'क्यु' म्हणजे जुनं. आखूड फलाट आणि बसायला लाकडी खोली, एवढाच पसारा. स्टेशन मास्तर नाही, तिकीट खिडकी नाही. अशा स्टेशनला जपानीत 'मुजिन-एकी' म्हणतात. गाडीत चढताना नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत भाडं टाकायचं, अशी तिथली पद्धत.

खरं काय, खोटं काय?
एन्गारूच्या हायस्कूलला जाणारी विद्यार्थिनी इथून चढत होती, हे खरं. पण व्हायरल मेसेजमध्ये नाव होतं शेजारच्या कामी-शिराताकीचं. दिवसाला दोनच गाड्या थांबतात, हाही तपशील तिथलाच. शिवाय गाडी तिच्या एकटीसाठी धावत नव्हती. मार्गावरच्या इतर स्टेशनांचे प्रवासीही त्यातूनच जात.

क्यु-शिराताकी २६ मार्च २०१६ रोजी बंद झालं. त्याच दिवशी कामी-शिराताकी, शिमो-शिराताकी आणि कानेहाना ही स्टेशनंही बंद झाली. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि रेल्वेचं नवं वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच लागू होतं. त्यामुळे मुलगी पास होणं आणि स्टेशन बंद होणं एकाच वेळी आलं.

खरं कारण हिशेबाचं
१ एप्रिल १९८७ रोजी जपानच्या सरकारी रेल्वेचं विभाजन झालं. सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी झाली. होक्काइदोच्या कंपनीच्या वाट्याला विरळ वस्ती आणि बर्फाचा लांबलचक हिवाळा आला. सुमारे १,२३७ किलोमीटरचे मार्ग, म्हणजे जवळपास निम्मं जाळं, स्वबळावर चालवणं कठीण असल्याचं कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यात सेकिहोकु मार्गही होता.

व्हायरल गोष्ट मुलीच्या शिक्षणापाशी संपते. गाव मात्र तिथेच आहे. शिराताकी आणि मारुसेप्पु या दोन स्टेशनांच्या मधे आता प्रवाशांसाठी गाडी थांबत नाही.