सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : एका पेन्शनर शिपायाचा संसार

आमच्या या शहरात पेन्शनर शिपाई पाहावयास फार दूर जावे लागत नाही. छावणीच्या बाजूस पहाटे फिरावयास निघावे, म्हणजे पाठ ताठ, मिशा पांढऱ्या आणि पावले मात्र अद्याप कवाइतीचीच, असे एकदोन गृहस्थ हटकून भेटतात. आमच्या सभासद कुटुंबांतही असे वडीलधारे आहेत. त्यांची गणवेशातील तसबीर बाहेरच्या खोलीत टांगलेली असते आणि त्यांच्याविषयी घरात बोलले जाते ते बहुधा एवढेच, की ‘बाबा पलटणीत होते.’ पेन्शन घेऊन घरी परतल्यावर या माणसांनी काय केले, मुले कशी वाढविली, पैशाची तोंडमिळवणी कशी केली, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. स्मरणिकेत डॉक्टर, वकील व प्राध्यापक यांचे परिचय दरवर्षी येतात. त्यांच्या वडिलांस त्यात अर्धी ओळ मिळते. ही उणीव काही अंशी भरून निघावी, म्हणून अशाच एका पेन्शनर बापाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते गृहस्थ या शहरचे नव्हेत. पण नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाच्या आवारातून ज्याचे जाणेयेणे आहे, त्याने त्यांस परके समजण्याचे कारण नाही.

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील मालोजी हेही लष्करातूनच निवृत्त झालेले. पत्नी भीमाबाई यांचे माहेर ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, आणि तेथेही सुभेदारीची परंपरा. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपायांची भरती जुन्या काळापासून होत असे. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील त्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांस गावात पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नसे, त्यांस पलटणीत हुद्दा मिळे, पगार मिळे आणि आमच्या मते याहूनही मोठी अशी एक गोष्ट मिळे, ती म्हणजे शाळा. शिपायांस व त्यांच्या मुलामुलींस शिक्षण देण्याची सोय तेथे होती. त्यामुळे लष्करी घरांतील स्त्रियासुद्धा वाचू लागल्या. त्या काळी गावोगावच्या वाड्यांतही साक्षर स्त्रिया मोजक्याच असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

रामजी या शाळांचेच फळ, आणि पुढे त्या शाळांचेच गुरुजी. लष्करी शाळेत ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. तेव्हा त्यांस केवळ बंदुकीचा शिपाई समजणे चूक ठरेल. त्यांची उमेद अधिक गेली ती फळा-खडूत. मराठी उत्तम, इंग्रजीचे ज्ञान चांगले, गणित पक्के आणि मनाने कबीरपंथी. त्यांस चौदा अपत्ये झाली. त्यांतील थोडीच जगली. बळराम, आनंदराव व भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली यांची नावे चरित्रांतून येतात. शेंडेफळ भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मले.

पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यानुपिढ्या ज्या दारातून एक सबंध समाज उजेडात येत होता, ते दार एका हुकुमाने मिटले. रामजींची स्वतःची नोकरी संपत आली होती. त्यांचे व्यक्तिशः नुकसान काही नव्हते. तरी ते स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेऊन त्यांनी या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करविला, असे चरित्रकार नमूद करतात. त्या अर्जाचा तत्काळ उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी राहिली ती १९२१ मध्ये मोडली गेली, आणि आजची महार रेजिमेंट बेळगाव येथे स्थापन होण्यास १ ऑक्टोबर १९४१ हा दिवस उजाडावा लागला. तोवर अर्जदार जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती.

सुमारे १८९४ मध्ये रामजी निवृत्त झाले. पेन्शन दरमहा ५० रुपये. काही काळ कोकणात दापोलीच्या पेन्शनर वस्तीत राहून ते साताऱ्यास आले व तेथे त्यांनी नोकरी धरली. तेथेच १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या. घरात पोरकी मुले, आणि त्यांस सांभाळावयास रामजींची बहीण मीराबाई. या आत्याबाईंचे ऋण भीमरावांनी कधी विसरले नाही. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. नवी आई आपल्या आईचे दागिने घालते, हे पाहून लहानग्या भीमरावांच्या मनाने घेतले, आणि बापाच्या जिवावर राहावयाचे नाही, मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम करावयाचे, असा बेत त्यांनी केला. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवावी म्हणून तीन रात्री प्रयत्न झाले. चौथ्या रात्री पिशवी हाती आली तो आत निघाला अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने गिरणीचा बेत मोडला आणि अभ्यासाचा निश्चय झाला. थोरांच्या चरित्रात घरातील असे प्रसंग झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हास ती पसंत नाही. रामजीही चुकणारे, आपल्या लेकराचे मन एखादे वेळी न ओळखणारे असे साधे गृहस्थ होते, हे समजल्यानेच त्यांच्याविषयी आपुलकी वाटते.

खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. तेथे रामजी खजिनदार होते आणि मुले साताऱ्यास. सुमारे १९०१ सालच्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे वडील बंधू व भाचे वडिलांस भेटावयास आगगाडीने निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, मनात केवढा उल्हास! मसूर स्थानकावर उतरून पाहतात तो न्यावयास कोणीच नाही. मुलांनी पाठविलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे रामजींच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी व आपण बाजूने चालावे. जवळ शिदोरी भरपूर होती, परंतु वाटेत पाणी कोणी देईना. म्हणून ती रात्र उपाशीच गेली. दुसऱ्या दिवशी मुले दारात उभी राहिली, तेव्हा बापास काय वाटले असेल? सरकारी तिजोरी ज्याच्या हवाली होती, त्याच्या लेकरांस घोटभर पाणी मिळाले नाही. सुभेदारीचा हुद्दा छावणीच्या फाटकाबाहेर किती चाले, याचा याहून रोकडा हिशेब दुसरा नसेल.

साताऱ्याच्या शाळेतील ७ नोव्हेंबर १९०० हा भीमरावांचा प्रवेशदिन आज महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात. पुढे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. एकच खोली, स्वयंपाक तेथेच, निजणे तेथेच. म्हातारे सुभेदार रात्री दोन वाजता मुलास अभ्यासास उठवीत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी स्वतः मुलाकडून करवून घेतली. सायंकाळी भजन, अभंग, रामायण-महाभारताचे वाचन. ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचीच थोरवी आहे, ते ग्रंथ आपण का वाचावे, असे मुलाने एकदा विचारले. तेव्हा रामजींनी उत्तर दिले, की आपणास हीन मानले जाते, म्हणूनच द्रोण व कर्ण हे केवढ्या उंचीस गेले ते पाहावे. मुलास हे उत्तर पटले नाही, असे त्यानेच पुढे लिहिले आहे. परंतु मुलाने प्रश्न विचारावा आणि जुन्या शिस्तीच्या बापाने त्यास न दटावता उत्तर द्यावे, असे घर ते होते, हे आम्हास अधिक लक्षणीय वाटते.

आता पैशाविषयी. मुलास पुस्तक हवे असे, आणि पेन्शन तर महिन्यास एकदाच. मग रामजी उठत आणि विवाहित मुलींच्या घरी जात. हातउसने मिळाले तर ठीक, न मिळाल्यास लेकीचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून परत करीत. एवढ्यानेही भागेना, तेव्हा आनंदरावांस शाळा सोडून नोकरी पत्करावी लागली. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्या एका परीक्षेमागे एका भावाची मोडलेली शाळा आणि बहिणींच्या अंगावरून उतरलेले दागिने आहेत, हे आमच्या भगिनींनी जरूर ध्यानी घ्यावे. त्या बहिणींच्या तसबिरी कोठे लागलेल्या आम्ही तरी पाहिल्या नाहीत.

पदवी घेऊन भीमराव बडोद्याच्या नोकरीवर निघाले. वडिलांस ते रुचले नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईस परतताना वाटेत सुरत स्थानकावर ते वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने घरी पोहोचले तो सारे भोवती जमलेले. सुभेदारांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुलगा अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेला. ते पाहणे बापाच्या नशिबी नव्हते.

१९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. आमच्या कित्येक सभासदांचे वडील खेड्यातून येऊन तेथे शिकले. त्यांच्या फीचे पैसे कोणी, कोठून आणि कसे उभे केले, ते त्यांच्या मुलांनी घरातील वृद्धांस या सुट्टीत विचारावे व लिहून आमच्याकडे पाठवावे. पुढील अंकात त्यास अवश्य जागा देऊ.

रुपयाच्या प्रश्नावरील डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.