डाळिंबाची साल : काढा, फांट आणि ‘हर्बल टी’

(१)
फळांच्या साली टाकून न देता त्यांचा ‘हर्बल टी’ करावा, अशी टूम सध्या समाजमाध्यमांवर आहे. कोणी तिला पाश्चात्त्यांची नवी कल्पना समजतो, तर कोणी ‘हे तर आपल्या पूर्वजांचेच’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही विधाने अर्धीच खरी आहेत. त्यासाठी करमाळ्याकडून निघू.

(२)
भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा तालुका पर्जन्यछायेत येतो. उजनीचे पाणी पोहोचले तिथे ऊस आणि केळी आली. पाणी बेताचे तिथे डाळिंब तग धरते. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंबा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा सालीचा इतिहास पाहायचा तर डाळिंबाच्याच सालीचा पाहावा.

(३)
आयुर्वेदाने औषधी द्रव्याचा अंश काढून घेण्याच्या पाच मूळ कृती मानल्या : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आटवून अष्टमांश उरवायला सांगितले आहे. फांटाची रीत वेगळी. कुटलेले द्रव्य मातीच्या भांड्यात घ्यायचे, त्यावर चौपट कढत पाणी ओतायचे आणि मग फडक्यातून गाळायचे. आज ज्याला आपण ‘हर्बल टी’ म्हणतो, तो हाच फांट. शब्द होता, कृती होती. आपण शब्द तेवढा विसरलो.

(४)
डाळिंबाची साल मात्र बहुधा काढ्यातच पडे. कुड्याची साल आणि डाळिंबाची साल यांचा काढा मधासह रक्तातिसारावर द्यावा, असे जुने वैद्यकग्रंथ सांगतात. त्यामागचे कारण टॅनिन. त्यानेच जीभ आखडते, त्यानेच कातडे कमावले जाते आणि कापडावर रंग धरतो.

(५)
इंग्रज डॉक्टरांनीही हे उचलले. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’चा संपादक एडवर्ड वॅरिंग याने बाजारात सहज मिळणाऱ्या औषधांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात डाळिंबाची साल लवंग किंवा दालचिनीसह झाकण ठेवून उकळण्याची कृती आहे, जुलाबासाठी. वाचताना मसाल्याच्या चहाची आठवण होते खरी, पण वॅरिंग त्याची मात्रा औंसांत मोजून देतो.

(जाता जाता : मुळाची साल ही वेगळी वस्तू. ती पट्टकृमीवर देत. तिच्यातले द्रव्य फ्रान्सच्या तान्रे याने १८७८ मध्ये वेगळे केले. ते अधिक मात्रेत विषारी ठरते. या दोन सालींची गल्लत करू नये.)

(६)
म्हणजे साल उकळणे जुने. पण ते औषध होते, पाहुण्यापुढे ठेवण्याचे पेय नव्हे. ते स्थान चहाने घेतले, आणि तेही सुखासुखी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. तिथे प्रश्न पेयाचा कमी आणि ते कोणाच्या हातचे याचा अधिक होता. पुढे १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला. चहाच्या प्रचाराला त्यातून पैसा मिळाला आणि काही दशकांत चहा घरोघर पोहोचला. इतका, की आता काढ्यालाही खपण्यासाठी ‘टी’ म्हणवून घ्यावे लागते.

(७)
‘पूर्वजांचेच’ म्हणणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यायला हवा. त्या काळच्या सालीवर आजची रासायनिक फवारणी नव्हती. गेल्या दोन दशकांत ‘तेल्या’ रोगाने महाराष्ट्रातल्या डाळिंबबागांना जेरीस आणले. त्यापायी ताम्रयुक्त औषधे, प्रतिजैविके आणि कीटकनाशके यांच्या फवारण्या वाढल्या, आणि फवारा आधी बसतो तो सालीवरच. दाणे खाणारा साल फेकून देतो. काढा करणारा नेमकी तीच उकळतो. म्हणून साल वाळत घालण्यापूर्वी फळ कोणाच्या बागेतले आणि शेवटची फवारणी केव्हाची, एवढे बागाइतदाराला विचारून घ्यावे. करमाळ्याच्या बाजारात तो अनेकदा समोरच बसलेला असतो.