पऱ्हाटीच्या आडोशापासून पक्क्या न्हाणीपर्यंत

कापसासाठी १८७० साली आपल्या खामगावात रेल्वे आली. खेड्यातल्या बाईची न्हाणी मात्र त्याच कापसाच्या पऱ्हाट्यांची राहिली. खाली एक फरशी, वर उघडं आभाळ. म्हणून आपल्या आज्या उजाडायच्या आत, अंगावर लुगडं ठेवूनच आंघोळ उरकत. २०११च्या जनगणनेत असा बिनछताचा आडोसा वेगळा मोजला गेला. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. शौचालयाला १२,००० रुपये मिळू लागले. न्हाणीचा खर्च घरावरच राहिला.

म्हणून आम्ही गटात सांगतो, शेळीसाठी कर्ज मागता, तसं न्हाणीसाठीही मागा. जुनी न्हाणी दुरुस्त करताना आधी भिंती, छत, आतून कडी आणि शोषखड्ड्याकडे उतार करून घ्या. टाइल्स सवडीने बसवता येतील.