अतिसममित सिद्धान्तांतील अतिरिक्त गेज बोसॉन

१९७४ साली पिएर फाये व जॉन इलिओपूलोस यांनी अतिसममितीच्या उत्स्फूर्त भंगाची एक रीत दाखविली. तीस आबेली गेज समूह लागे. हायपरचार्जाचा परिचित समूह या कामी पुरेना. क्वार्क व लेप्टॉन यांच्या काही अतिसहचरांच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण होई आणि निर्वात अवस्थाच विद्युत्‌भारित ठरे. तेव्हा फाये यांनी आणखी एक आबेली समूह जोडला, व त्याजबरोबर नवा उदासीन बोसॉन आला. योजना मोहक खरी; परंतु नव्या भारांतून उद्भवणाऱ्या विसंगतींनी तिला जेरीस आणले. पुढे भंगाचे स्थानच दृश्य कणांपासून दूर, गुप्त विभागात हलविण्यात आले.

बोसॉन मात्र दुसऱ्याच कारणाने परतला. हिग्जच्या दोन क्षेत्रांना जोडणारे ‘म्यू’ हे पद अतिसममितीस मान्य आहे. मग ते प्लांकच्या प्रमाणाएवढे प्रचंड का नाही? हा प्रश्न १९८४ साली किम व निलेस यांनी उपस्थित केला. (त्यांचे स्वतःचे उत्तर निराळे होते.) अतिरिक्त समूह ते पद निषिद्ध ठरवितो. एका एकल क्षेत्राच्या निर्वातमूल्यातून मग म्यू व बोसॉनचे वस्तुमान, दोन्ही उपजतात.

येथेच खरी गोम आहे. ते मूल्य अतिसममितिभंगाच्या वस्तुमानांवरच अवलंबून असते. २०१५ ते २०१८ च्या टकरींच्या अभ्यासातून अ‍ॅटलास गटाने ई-६ समूहातील ‘प्साय’ बोसॉनला ४.५ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टची किमान मर्यादा घातली. बोसॉन इतका जड असल्यास भंगाची वस्तुमानेही तितकीच वर सरकतात, आणि झेड बोसॉनचे ९१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अल्प वस्तुमान केवळ मोठ्या संख्यांच्या काटेकोर वजाबाकीनेच साधते.