विमान-इंजिनाचा ओव्हरहॉल

लहान पिस्टन विमानाचे इंजिन ठरावीक तास चालले की ते पूर्ण उघडायचे, प्रत्येक भाग मोजायचा, झिजलेले बदलायचे आणि पुन्हा जुळवायचे, या कामाला ओव्हरहॉल म्हणतात. दोन ओव्हरहॉलमधील निर्मात्याने सुचवलेली मुदत म्हणजे टीबीओ. सेस्ना १७२ मध्ये १९६८ पासून आलेल्या लायकॉमिंग इंजिनांसाठी ती साधारण २००० तास किंवा १२ वर्षे असते. रोटॅक्स ९१२ यूएलएससाठी २००० तास किंवा १५ वर्षे. अमेरिकेत खासगी मालकाला ही मुदत कायद्याने बंधनकारक नाही, भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला आहे.

तास मोजण्याच्या पद्धती दोन. टॅकोमीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर संथ चालताना तो हळू सरकतो. हॉब्ज मीटर घड्याळाप्रमाणे वेळ मोजतो. विमान विकत घेताना नोंदवहीतले तास कोणत्या मीटरचे, हे विचारलेच पाहिजे.

तासांइतकाच, अनेकदा तासांहून जास्त, घात करतो तो गंज. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते, दमट हवेने पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि पुढे कॅम व टॅपेट एकमेकांना खात राहतात. नुसते जमिनीवर इंजिन चालवून हे टळत नाही. तेल पुरेसे तापत नाही आणि आतले पाणी आतच राहते. म्हणून वीस वर्षांत ६०० तास उडालेल्या इंजिनापेक्षा रोज उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाचे १८०० तासांचे इंजिन पुष्कळदा अधिक भरवशाचे निघते. ‘कमी तासांचे इंजिन’ या जाहिरातीला भुलू नये.

मुदत संपली म्हणून धडधाकट इंजिन उघडावे का? दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी ब्रिटिश कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नियमित देखभालीनंतर लगेचच बिघाड वाढतात आणि मग उतरत जातात, असे दिसले. म्हणून बोरस्कोपने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहणे, कॉम्प्रेशन तपासणे, ऑइल फिल्टर कापून धातूचे कण शोधणे आणि तेलाचा खप लिहून ठेवणे, ही पाहणी नुसत्या आकड्यापेक्षा मोलाची.

खर्चाचा हिशेब तासावारी ठेवावा. ओव्हरहॉल ४०,००० डॉलरचा धरला, तर २००० तासांवर दर तासाला २० डॉलर बाजूला पडायला हवेत. इंजिन उतरवणे-चढवणे, होसेस, माउंट, प्रॉपेलरचे काम हे निराळे. स्थानिक कार्यशाळेत ओव्हरहॉल करावा, निर्मात्याकडून पुनर्बांधणी केलेले इंजिन घ्यावे किंवा कोरे घ्यावे. किंमत साधारण याच क्रमाने चढते. पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाला निर्माता शून्य तासांची नवी नोंदवही देऊ शकतो. असे इंजिन घेताना बदल्यात दिलेल्या जुन्या इंजिनाचा क्रँककेस किंवा क्रँकशाफ्ट बाद ठरला, तर त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. प्रॉपेलर जमिनीला आपटला, तर तास कितीही कमी असोत, इंजिन उघडून तपासावेच.

मुदतीच्या जवळ आलेले विमान घेणाऱ्याने ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच किंमत ठरवावी. पुढे इंजिन आणखी ५०० तास चालले, तर ती त्याची बचत.