पहिली कार रेस आणि कमी बजेट: टायर कोणते घ्यायचे?

आपली रोजची गाडी घेऊन ऑटोक्रॉस किंवा ट्रॅक डेला उतरायचं ठरवलं की पहिला प्रश्न टायरचाच येतो. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले की वाटायला लागतं, सेमी-स्लिक टायर नसतील तर जाण्यात अर्थच नाही. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, गाडी स्विफ्ट आहे आणि टायरसाठी मी २५ हजारांची मर्यादा घातली होती. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं त्यातच. त्या मर्यादेत काय बघायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, ते या लेखात सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या रेससाठी ताजे, एकसारखे चार, साधे रोड टायर पुरतात. कारण ज्या टायरवर तुम्ही रेस करणार, त्याच टायरवर संध्याकाळी घरी परतणार आहात. ट्रॅकवर बाजूला मोकळी जागा सोडलेली असते, ॲम्ब्युलन्स उभी असते. हायवेवर पाऊस असतो आणि शेजारच्या लेनमध्ये ट्रक असतो.

आधी नियम वाचा, मग दुकानात जा

ऑटोक्रॉसमध्ये साधारणपणे एकावेळी एकच गाडी धावते आणि घड्याळाशी स्पर्धा असते. ट्रॅक डे म्हणजे कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट अशा कायमच्या ट्रॅकवर गाडी चालवणं. शेजारी शेजारी धावणाऱ्या खऱ्या सर्किट रेसिंगसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं आणि तिथल्या मोठ्या मालिकांमध्ये टायर बहुतेक वेळा आयोजकच ठरवतात. म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. हा लेख पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

प्रत्येक इव्हेंटचे नियम पीडीएफमध्ये येतात. त्यात टायरबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. कुठे कंपनीचीच साइज सक्तीची असते, कुठे सेमी-स्लिक लावले की तुम्ही वरच्या क्लासमध्ये जाता आणि मग तुमची स्पर्धा तयार केलेल्या गाड्यांशी होते.

आणखी एक बघा: इव्हेंट डांबरावर आहे की मातीवर? आपल्याकडे ऑटोक्रॉस बरेचदा मातीवर असतो. तिथे चपटे, लो-प्रोफाइल टायर नेऊ नका. दगड लागून साइडवॉल फाटते आणि रिम वाकते. मातीसाठी कंपनीच्या साइजचा, जरा खोल नक्षीचा टायर बरा. इथून पुढचं सगळं डांबराबद्दल.

टायरवर लिहिलेलं वाचायचं कसं?

समजा टायरवर १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलंय. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा लोड इंडेक्स आहे, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला की "चालतं हो".

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट लोक बघतच नाहीत: टायरचं वय. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार अंक असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३वा आठवडा. हे चार अंक बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा फिटिंगच्या आधी बघा. फोनचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, कोड स्पष्ट दिसतो. चारही टायरचे फोटो काढा, कारण एकाच दुकानातून घेतलेल्या चार टायरमध्येही वेगवेगळी वर्षं निघू शकतात. रबर ऊन, उष्णता आणि हवेने कडक होत जातं आणि कडक रबर पकड धरत नाही, नक्षी कितीही खोल दिसो. नवा टायर घेताना मी एका वर्षापेक्षा जुना घेत नाही आणि चार वर्षांपेक्षा जुन्या टायरवर रेसला जात नाही. हा नियम माझा आहे, कायद्याचा नाही. कायद्यात कारसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खाचांमध्ये मध्येच छोटे उंचवटे असतात, टायर झिजून तिथपर्यंत आला की संपला.

ट्रेडवेअरचा आकडा आणि त्यातली गोम

काही टायरवर ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए असं लिहिलेलं असतं. ही अमेरिकेची पद्धत आहे. ट्रेडवेअर जितका कमी, तितकं रबर साधारणपणे मऊ आणि लवकर झिजणारं. अमेरिकेत हौशी रेसिंगचे नियमच या आकड्यावर चालतात. ५०० डॉलरच्या गाड्यांची '२४ अवर्स ऑफ लेमन्स' ही प्रसिद्ध रेस घ्या. तिथे १९० पेक्षा कमी ट्रेडवेअरचा टायर चालत नाही. गंमत म्हणजे त्या ५०० डॉलरच्या मर्यादेत टायर आणि ब्रेकचा खर्च धरतच नाहीत. गाडी भंगार चालेल, पण टायर आणि ब्रेकवर काटकसर नको, असा तो सरळ हिशोब आहे.

आता गोम. हा आकडा कंपनी स्वतःच आपल्या टायरला देते. त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० सारखे असतीलच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला तो ठीक आहे. आणि ट्रॅक्शनचा ए किंवा डबल ए बघून हुरळून जाऊ नका. ती चाचणी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याची आहे. कोरड्या डांबरावर वळणात टायर किती धरेल, याबद्दल ते अक्षर काहीच सांगत नाही.

व्यवहारात काय करायचं? मायलेज वाढवणारा, 'इको' म्हणून विकला जाणारा टायर टाळा. त्याच साइजमध्ये २८० ते ३४० च्या आसपास ट्रेडवेअरचा रोड टायर मिळाला तर उत्तम. १४ इंची रिमला पर्याय फार कमी आहेत, स्पोर्ट प्रकारचे टायर बहुतेक १५ इंचापासून पुढे सुरू होतात. पण म्हणून फक्त रेससाठी नवे अलॉय घेऊ नका. त्या पैशात दोन-तीन इव्हेंटची एंट्री फी निघते.

मग सेमी-स्लिक का नको?

एक तर किंमत. दुसरं, असे टायर गरम झाल्यावर पूर्ण काम करतात. ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची, मग अर्धा तास रांगेत. टायर गरम व्हायच्या आत फेरी संपते. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. साधा टायर सुटायच्या आधी ओरडतो. कमी वेगातच तो आवाज करतो, हळूहळू घसरतो आणि तुम्हाला सावरायला वेळ देतो. जास्त पकडीचा टायर हीच गोष्ट जास्त वेगात आणि बऱ्याच वेळा अचानक करतो. शिकताना मला बोलणारा टायर हवा.

अजून एक मजेशीर गोष्ट. कोरकरीत नव्या टायरपेक्षा अर्धा झिजलेला, पण वयाने ताजा टायर कोरड्या ट्रॅकवर बरेचदा चांगला चालतो. नव्या टायरचे नक्षीचे उंच ठोकळे वळणात लवचिकपणे हलतात आणि त्यामुळे जास्त तापतात. अमेरिकेत तर लोक नवे टायर मशीनवर तासून घेतात! तेव्हा तुमचे सध्याचे टायर दोन वर्षांचे, चार मिलिमीटर शिल्लक आणि सगळीकडून सारखे झिजलेले असतील, तर नवे घेऊच नका. फक्त पाऊस आला तर गणित उलटतं, कारण पाणी बाहेर फेकायला खोल खाचाच लागतात. नवे घेतलेच तर रेसच्या आधी २००-३०० किलोमीटर आरामात चालवा.

साइज वाढवावी का?

एखादी पायरी वाढवता येते, पण व्यासाचा हिशोब करा. १८५/६५ आर१५ चा एकूण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर येतो. १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे फरक एक टक्क्याचा, चालेल. १९५/५५ आर१५ चा ५९५, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त फरक. स्पीडोमीटर खोटा वेग दाखवेल, गाडी खाली येईल आणि गावाकडच्या स्पीडब्रेकरला घासेल. रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हेही विचारा.

दोनच टायर बदलले तर?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये पुढचे टायर वळण, ब्रेक आणि ओढ अशी तिन्ही कामं करतात. त्यामुळे सल्ला मिळतो, "दोनच चांगले घे आणि पुढे टाक." पहिल्या रेसला हे करू नका. पुढे जास्त पकड आणि मागे जुने कडक टायर असले, की वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडल्यावर वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो आणि गाडी गर्रकन फिरते. नवखा माणूस वळणात घाबरून पाय उचलतोच. चारही टायर एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे हवेत. दोनचेच पैसे असतील तर पुढच्या इव्हेंटपर्यंत थांबा. रिमोल्ड केलेले, साइडवॉलला फुगा आलेले किंवा तिथे पंक्चर काढलेले टायर तर फुकट मिळाले तरी नकोत.

हवा: फुकटातला अपग्रेड

अकरावीच्या फिजिक्समधला गॅसचा नियम इथे कामाला येतो. टायरमधली हवा १० अंशांनी तापली की प्रेशर साधारण दीड पीएसआय वाढतं. सकाळी ३२ भरलेला टायर ३० अंश तापला की ३६-३७ वर जातो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मोजायचं आणि वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहायचं. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, काहीशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या.

दरवाज्याजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे, त्यापेक्षा पुढे चार-पाच पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा. साइडवॉलवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. मग टायरच्या कडेवर, नक्षीपासून साइडवॉलपर्यंत खडूची आडवी रेघ मारा. बऱ्याच टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो, तिथेच मारा. फेरीनंतर बघा. खडू त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवरही पुसला गेला असेल तर टायर कलंडतोय, दोन पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरचाही खडू शिल्लक असेल तर थोडी कमी करा. मित्राला बाहेर उभं करून वळणात पुढच्या चाकाचा स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा, टायर किती दुमडतो ते बघून धक्का बसतो.

फोनच्या लॅप टायमर ॲपवर मात्र फार भरवसा नको. फोनचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदा जागा नोंदवतो आणि ताशी ६० ला गाडी सेकंदात साडेसोळा मीटर जाते. दोन फेऱ्यांमधला दशांश सेकंदाचा फरक हवेमुळे पडला की जीपीएसमुळे, ते त्यातून कळत नाही. आयोजकांची वेळच बघा.

उरलेले पैसे आणि परतीचा रस्ता

टायरमधून पैसे वाचले तर आधी ब्रेक फ्लुइड बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि असं जुनं फ्लुइड ट्रॅकवर तापून उकळलं की पेडल सरळ खाली जातं. अशा वेळी टायर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. त्यानंतर पॅड आणि नियमात बसणारं हेल्मेट.

इन्शुरन्सचं कागदपत्रही काढून वाचा. आपल्याकडच्या खासगी कारच्या पॉलिसीत संघटित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे ट्रॅकवर ठोकलीत तर खर्च तुमचा. आणि नवे टायर "जरा टेस्ट करू" म्हणून ताम्हिणी घाटात जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या एसटीला तुमच्या रेसशी काही देणंघेणं नसतं.

इव्हेंट संपला की लगेच निघू नका. चारही टायर हाताने चाचपा, कुठे रबराचा तुकडा निघालाय का, साइडवॉलला चीर आहे का ते बघा, आतल्या बाजूलाही. चाकांचे नट पान्याने पुन्हा तपासा. टायर गार झाले की हवा परत स्टिकरवरच्या आकड्यावर आणा. गरम असताना उतरवलीत तर थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेत एक्सप्रेसवेवर तासभर पळालेला टायर आतून खराब होतो.