आउट ऑफ डेथ

अल्पखर्ची अमेरिकन थरारपट. दिग्दर्शक माइक बर्न्स. प्रमुख भूमिका जेमी किंग व ब्रूस विलिस. प्रदर्शन १६ जुलै २०२१.

जंगलात भटकंतीला आलेली एक स्त्री भ्रष्ट पोलिसांचे कृत्य पाहते आणि तिच्यामागे जीवघेणा पाठलाग लागतो. पत्नीच्या मृत्यूने खचलेला निवृत्त पोलीस जॅक हॅरिस तिच्या मदतीला धावतो. कल्पनेत ताण आहे, पण पडद्यावर तो टिकत नाही. समीक्षकांनी विस्कळीत पटकथेवर आणि निर्जीव अभिनयावर कडक टीका केली.

हॅरिसच्या भूमिकेत होते विलिस. ‘मूनलायटिंग’ मालिकेसाठी १९८७ मध्ये एमी पुरस्कार मिळवणारे, ‘डाय हार्ड’ने (१९८८) साहसपटाच्या नायकाला नवे रूप देणारे आणि ‘द सिक्स्थ सेन्स’मध्ये (१९९९) संयत अभिनयाने चकित करणारे हे नट. या चित्रपटातील त्यांचे सगळे काम एका दिवसात चित्रित झाले.

त्यामागचे दुःखद कारण पुढे समोर आले. विलिस यांना वाचाघात झाल्याचे कुटुंबीयांनी ३० मार्च २०२२ रोजी जाहीर केले. त्यांचे संवाद कमी करून छोटे करावेत, असे बर्न्स यांनी २०२० मध्येच पटकथाकाराला कळवले होते, हे ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघड केले. विलिस यांच्या २०२१ मधील आठ चित्रपटांसाठी ‘रॅझी’ या उपहासात्मक पुरस्काराने निकृष्ट अभिनयाचा खास विभाग काढला होता, त्यांत हाही होता. आजार कळताच तो पुरस्कार मागे घेण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचे कुटुंबीयांनी सांगितले.